चौदावा रकाना

"चौदाव्याचं नाव काय?" मी विचारलं.

"त्याला नाव नाही," यमुताई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

"नाव नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. वर बघ, काही लिहिलंय का?"

नव्हतं. तेरा रकान्यांवर त्यांच्या तिरप्या अक्षरात मथळे होते. चौदावा बोटभर रुंदीचा, पानाच्या अगदी कडेला, आणि वर कोरा. खाली मधूनच कुठेतरी हिरव्या पेन्सिलीचं एखादं टिंब.

"मग हे टिंब कशाचं?"

"माझ्या आठवणीचं. तू पुढं चल."

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मी बावीस वर्षांचा होतो, पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून कराडला परतलो होतो आणि सहा महिने घरी बसून आईच्या हातचं खात होतो. यमुताई खिरे आमच्या आईच्या ओळखीच्या. त्या वधूवर केंद्र चालवायच्या. त्यांच्या पुतण्यानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावर त्यांनी क्रोशाचं झाकण घातलं होतं आणि वर गणपती ठेवला होता. "तुझा मकरंद रिकामाच आहे ना? त्याला पाठव," असं त्यांनी आईला सांगितलं आणि माझी पहिली नोकरी लागली.

काम सोपं होतं. कापडी बांधणीच्या त्या लांबलचक वहीतली चारशे सहा स्थळं कॉम्प्युटरमध्ये घालायची. ज्याला हे काम ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. वहीतल्या प्रत्येक रकान्याला प्रोग्रॅममध्ये एक नाव द्यावं लागतं. त्या नावाला आम्ही किल्ली म्हणतो, कारण त्या नावानंच आतली माहिती उघडते. आमचे देवस्थळी सर या किल्ल्यांच्या नावांबद्दल भलतेच कडक होते. सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही, दोन शब्द असतील तर खाली रेघ, आणि मुख्य म्हणजे नाव वाचताच आत काय आहे ते परक्यालाही कळलं पाहिजे. "ज्याला नाव देता येत नाही," सर फळ्यावर खडू आपटून म्हणायचे, "ती माहिती नव्हे. तो कचरा. काढून टाका." सरांचं हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

यमुताईंच्या वहीनं माझी पहिल्याच दिवशी भंबेरी उडवली. उंचीचे रकाने दोन होते.

"हे दोन कशाला?"

"एक सांगायची उंची, एक खरी उंची."

"खरी कशी कळते तुम्हाला?"

"त्या दाराच्या चौकटीवर खुणा केल्यात मी. माणूस आत आला की मला कळतं."

मी किल्ल्या केल्या: उंची_सांगायची, उंची_खरी. पत्रिकेचे रकानेही दोन होते, एक जुळते का याचा आणि एक ती बघणारे लोक आहेत का याचा. या सगळ्यांना नावं देता आली. चौदाव्याला मात्र मी नाइलाजानं 'रकाना_१४' असं नाव दिलं. सरांनी बघितलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं.

दुसरी एक गोष्ट मला विचित्र वाटायची. ती वही टेबलावर कायम उघडी असायची. कुणीही आईबाप यावेत, पानं उलटावीत, आपल्या मुलीचं नाव शोधून त्यावरून बोट फिरवावं, आणि समाधानानं जावं. दर महिन्याला येणारेसुद्धा होते. यमुताई म्हणायच्या, "वही सगळ्यांची आहे. इथं लपवाछपवी नाही." पत्रव्यवहार मात्र सगळा त्यांच्यामार्फत. मुलीच्या वडिलांनी पत्र लिहायचं, ते यमुताईंकडे द्यायचं, त्या पुढं पाठवणार. आणि दर तीन महिन्यांनी मुलींची यादी मुलांच्या घरी टपालानं जायची. मी यादी छापली की यमुताई ती घेऊन आत जायच्या, आणि तासाभरानं स्वतः चौकात जाऊन झेरॉक्स काढून आणायच्या. मी दोनदा म्हणालो, "ताई, मी जातो ना." त्या म्हणाल्या, "माझे पाय मोकळे होतात."

उन्हाळ्यात एक मुलगी आली. सुवर्णा नाव, उंब्रजची, डी.एड. झालेली. पहिल्या दिवशी आईबरोबर आली, आईनं सगळी माहिती सांगितली, मी ती चारशे बारा नंबरावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. चप्पल हातात घेऊनच आत आली.

"ताई, जरा बोलायचं व्हतं," ती यमुताईंना म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

दोघी मागच्या बोळात पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन मिनिटंही झाली नसतील. ती आल्या वाटेनं निघून गेली. यमुताई पदराला हात पुसत आल्या.

"मकरंदा, चारशे बाराला टिंब टाक."

"चौदाव्यात?"

"हं."

"टिंब म्हणजे काय टाकू? 'हो' टाकू का?"

"हो टाक."

"पण कशाला हो?"

"चहा घेणार का तू?" असं म्हणून त्या आत गेल्या. मला काही कळेना. मी 'हो' टाकलं.

तेव्हापासून ते टिंब माझ्या डोक्यात बसलं. रिकामा वेळ भरपूर होता, म्हणून मी शोध घेतला. एकंदर सत्तावीस टिंबं. पंचवीस मुली आणि दोन मुलगे. आणि जमलेल्या लग्नांची जी दुसरी वही होती, तिच्यात या सत्तावीसपैकी एकाचंही नाव नव्हतं. काहींना आठ वर्षं झालेली. मग मी दोनशे एकतीस नंबर उघडला. वसुधा टंकसाळे, वय एकतीस, पाटबंधारे खात्यात ट्रेसर. चौदाव्या रकान्यात 'हो'.

वसुधा म्हणजे माझी ताई.

ताईचं नाव त्या वहीत सहा वर्षं होतं आणि सहा वर्षांत एक स्थळ घरी आलं नव्हतं. आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आईनं सोळा सोमवार करून झाले होते. अप्पा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. ते वहीतून उतरवून आणलेली मुलांची यादी मोजणीच्या नकाशासारखी समोर पसरून बसायचे आणि सुवाच्य अक्षरात पत्रं लिहायचे. 'कन्या सुस्वभावी, शासकीय नोकरीत, नकाशे रेखाटण्यात निष्णात.' ती पत्रं यमुताईंकडे जायची आणि उत्तर कधी यायचं नाही. अप्पा म्हणायचे, "माझ्याच पत्रात काही कमी पडतंय."

आणि आता मला टिंब सापडलं होतं. मला वाटलं, हा शिक्का आहे. यमुताईंनी मनात ज्यांच्यावर काट मारली आहे, त्यांच्यापुढचा. काळी असेल, वय झालं असेल, काहीतरी कानावर आलं असेल. मला संताप आला.

"यमुताई, आमच्या ताईच्या नावापुढं टिंब का?"

त्यांनी चष्मा काढला. "तुला काय करायचंय?"

"माझी बहीण आहे ती."

"म्हणूनच विचारू नकोस."

"निदान रकान्याला नाव तरी सांगा. नावाशिवाय ठेवता येत नाही."

"सहा महिने ठेवलंयस ना? मग राहू दे."

ऑगस्टमध्ये यमुताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे इंदूरला गेल्या. महिन्याभरानं येणार होत्या. जाताना म्हणाल्या, "यादी मी आल्यावर काढू." चार दिवसांनी वाईहून, साताऱ्याहून मुलांकडच्या मंडळींचे फोन यायला लागले, यादी कधी पाठवताय म्हणून. मी म्हटलं, एवढं काय त्यात, मी काढतो.

पण आधी मी कॉम्प्युटरमधलं घर आवरलं. प्रोग्रॅम सगळा तपासला. रकाना_१४ ही किल्ली कुठल्याच शोधात नव्हती, कुठल्याच छापील कागदावर येत नव्हती, तिच्यावाचून काही अडत नव्हतं. नाव नाही, उपयोग नाही. सरांचा नियम होताच. आणि खरं सांगतो, नियम नसता तरी मी तेच केलं असतं. मी तो रकाना पुसला. सत्तावीसच्या सत्तावीस टिंबं एका ओळीच्या आज्ञेत गेली. मग यादी छापली, चौकात जाऊन झेरॉक्स काढल्या, तिकिटं लावली आणि दोनशे पाकिटं टपालपेटीत टाकली. त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो.

पुढच्या पंधरवड्यात ताईसाठी अकरा पत्रं आली. ती घेऊन घरी जाताना मला वाटत होतं, माझ्यासारखा भाऊ कुणाला नसेल. आई देवापुढं बसून रडली. अप्पांनी पत्रं तारखेप्रमाणे लावली, पुन्हा गावांप्रमाणे लावली, आणि रोज दाढी करायला लागले.

ताई ऑफिसातून आली. बोटांना शाई लागलेली. आईनं तिच्या तोंडात साखर घातली.

"काय झालं?"

"अकरा!" अप्पा म्हणाले. "वसू, अकरा!"

ताईनं पत्रांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"यादी कुणी काढली?"

"मी."

"यमुताईंनी बघितली होती?"

"त्या इंदूरला आहेत ना."

ती साखर तोंडात तशीच धरून उभी राहिली. मग मोरीत गेली आणि बोटांची शाई बराच वेळ घासत बसली. मी बाहेर उभा. मला वाटलं, आनंदानं रडत असेल. पण आतून नळाशिवाय काही आवाज येईना.

"ताई, तुला बरं नाही वाटलं?"

"मक्या, तू जा इथून," ती म्हणाली.

मी गोंधळलो. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला आवडते म्हणून धनगरी पेठेतली करंजी आणली, ती तिनं आईला दिली. मला वाटलं, अकरा एकदम आली म्हणून भांबावली असेल, होईल नीट.

वाईची मंडळी रविवारी आली. मुलगा चांगला होता, हे सांगायलाच हवं. शांत, हसरा, धरणाच्या कामावर इंजिनिअर. त्यानं ताईला विचारलं, "तुम्ही आमच्या धरणाचा नकाशा काढला असता तर चूक सापडली असती का?" ताई हसली. आईनं माझ्याकडे बघून डोळे मिटले, म्हणजे जमलं. मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडून होकारच समजा. तुमचं कळवा."

"आत्ताच सांगते," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हात पदराखाली होते. "मला लग्न करायचं नाही. तुमच्यात काही खोट नाही, तुम्ही चांगली माणसं आहात. यादीत माझं नाव चुकून गेलं."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मुलगाच पहिल्यांदा उठला. दारात चपला घालताना तो ताईला म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत," आणि मंडळी गेली.

"चुकून म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, मी सहा वर्षांपूर्वीच यमुताईंना सांगितलं होतं. नाव वहीत राहू द्या, पण कुणाला पाठवू नका म्हणून."

"आणि माझी पत्रं?"

ताईनं चहाचे कप एकात एक घातले.

"माझी पत्रं, वसू?"

"ती गेलीच नाहीत, अप्पा."

अप्पा खुर्चीत बसले. सहा वर्षं त्यांनी आपलं अक्षर सुधारलं होतं, मजकूर सुधारला होता, एकदा तर चांगल्या कागदासाठी कोल्हापूरला जाऊन आले होते. ते कुणावर ओरडले नाहीत. उठले आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

मी ताईच्या मागं गच्चीवर गेलो. "तू घरी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पंचविसाव्या वर्षी, स्वयंपाकघरात. तू तेव्हा दहावीत होतास. आईनं दोन दिवस अन्न सोडलं. मग मी म्हटलं, घाला नाव." ती वाळत घातलेली धोतरं काढत होती. "दर महिन्याला आई जाऊन ते नाव बघून यायची आणि चार दिवस बरी राहायची. आपलं चाललं होतं की."

"पण तुला नको का? कुणी आहे का?"

"कुणी नाही."

"मग कारण काय?"

"कारण काय देऊ रे तुला?" ती म्हणाली. "मला नको आहे. एवढंच आहे. त्याला आणखी नाव नाही."

यमुताई सप्टेंबरात परतल्या, एका डोळ्यावर हिरवा पडदा. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, त्या मारतील तर बरं. त्या ऐकून घेत राहिल्या.

"वर काहीतरी लिहायचं होतं हो," मी म्हणालो. "एक शब्द. मला कळलं असतं."

"तुला कळलं असतं, आणि रोज जे आईबाप येऊन पानं उलटतात त्यांना? ही वही त्यांचीच आहे, मकरंदा. इथं काहीही लिहिलं की ते त्यांनी वाचलंच." त्यांनी वही पुढं ओढली. "नाव काढून टाकावं तर घरी आकांत. म्हणून नाव ठेवायचं, आणि कडेला टिंब. यादी छापून आली की मी आत बसून तेवढी नावं कापायची. सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. विचारलं ते तूच."

"मला तरी सांगायचंत."

"पोरींनी मला सांगितलं होतं. तुला नाही."

त्यांनी खणातून दोऱ्यानं बांधलेला अप्पांच्या पत्रांचा गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "ही टाकवली नाहीत मला," त्या म्हणाल्या. "तुझ्या अप्पांचं पाप माझ्या डोक्यावर आहेच."

ताईचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. तिनं भंडाऱ्याला बदली मागून घेतली. अप्पा चार वर्षं तिच्याशी बोलले नाहीत, आणि मग एका दिवाळीत फोनवर म्हणाले, "तिकडं थंडी आहे का गं?" तिथून पुढं ते रोज तिला हवामान विचारायचे. ताई आता काही वर्षांत निवृत्त होईल. ठीक आहे ती. माझ्यावर रागही नाही तिचा. एकदा म्हणाली, "माझ्या तोंडून निघालं ते बरंच झालं, पण ते तुझ्यामुळं झालं असं म्हणत हिंडू नकोस." मी कधी म्हणालो नाही.

पण ताईला तोंड होतं. बाकीच्या सव्वीस जणांचं काय झालं, हे मी त्या आठवड्यात मोजायला घाबरत होतो. यमुताई हिरवी पेन्सिल घेऊन बसल्या होत्या, जुन्या वहीवरून मी टिंबं परत भरत होतो. वही चारशे सहावर संपत होती. पुढच्या नोंदी फक्त कॉम्प्युटरात होत्या, आणि त्यांची टिंबं मीच पुसलेली.

"चारशे बारा," यमुताई आठवून म्हणाल्या. त्याच वेळी दारात चपला वाजल्या.

सुवर्णा होती. या वेळी चपला बाहेर नीट काढून आत आली. हातात पेढ्यांचा पुडा. लग्न जमलं की केंद्राला पेढे द्यायचे, असा रिवाज होता. तिनं पुडा टेबलावर वहीच्या शेजारी ठेवला आणि यमुताईंना वाकून नमस्कार केला.

"आईनं दिलेत. पाटणचं स्थळ हाय. मार्गशीर्षात लग्न."

यमुताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. "बाळ, मी येऊ का उंब्रजला? बोलू तुझ्या आईशी?"

"न्हाई ताई. पत्रिका छापल्या. आण्णांनी समद्यांना सांगितलंय." तिनं टेबलावरचा पुडा जरा सरळ केला. "मी एक इचारायला आलेय फक्त. माझं टिंब व्हतं ना? तुम्ही माझ्यासमोर म्हणाला व्हता, टाकते म्हणून. मला वाटलं, तुम्हीच पुसलंत. रोज तेच मनात येतंय, की माझं काय चुकलं."

यमुताईंनी तोंड उघडलं. त्या काय बोलणार होत्या ते मला दिसत होतं. त्या ते स्वतःवर घेणार होत्या.

"मी पुसलं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं का, काय हाय ते?"

"नाही."

"मग आसू द्या," ती म्हणाली. तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला. यमुताईंनी पुसलं नव्हतं, एवढंच तिला हवं होतं. तिनं पुड्याचा दोरा सोडला आणि तो माझ्यापुढं धरला. "घ्या ना. आईनं तुमच्यासाठी बी दिलेत."

मी पेढा घेतला. ती समोर उभी होती, म्हणून तो खाल्लाही.